छोट्या स्क्रिप्टने सर्व्हरवर लक्ष आणि सोशल मीडियावर पोस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एका ठरावीक मांडणीला धरून दिली आहेत. डेबियन किंवा उबुंटू असलेला एक छोटा भाड्याचा सर्व्हर, त्यावर एखादी वेबसाइट, स्क्रिप्ट बॅश आणि पायथनमध्ये, अलर्ट टेलिग्रामवर, आणि साइटवर नवा लेख आला की त्याची पोस्ट मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या सोशल नेटवर्कवर. कमांडची आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती आणि अंक अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

## एवढी तयार साधनं असताना स्वतःची स्क्रिप्ट कशाला?

नागिओस १९९९पासून आहे, प्रोमिथिअसचं काम २०१२मध्ये सुरू झालं, अपटाइम कुमा तर तासाभरात उभं राहतं. जुने आलेख हवे असतील, पाच-सहापेक्षा जास्त सर्व्हर असतील किंवा रात्रपाळीला वेगवेगळी माणसं असतील, तर सरळ त्यांच्याकडे जा. एक-दोन सर्व्हरांसाठी मात्र ५०-६० ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती कायम चालू ठेवावी लागत नाही, तिच्यासाठी वेगळा डेटाबेस लागत नाही, आणि अलर्ट आला की तो नेमक्या कुठल्या ओळीतून आला हे तुम्हाला माहीत असतं.

स्क्रिप्ट केवढीही असो, दोन गोष्टी तिला जमल्याच पाहिजेत: तिचा मेसेज आला म्हणजे खरंच काहीतरी बिघडलं आहे, आणि मेसेज आला नाही म्हणजे खरंच सगळं ठीक आहे. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

## बॅश की पायथन?

कमांडचं आउटपुट घेऊन एका आकड्याशी तुलना करायची असेल तर बॅश. जेसन (माहिती पाठवायची एक मजकुरी मांडणी) वाचायचं, मराठी मजकूर कापायचा किंवा मागची स्थिती लक्षात ठेवायची असेल तर पायथन. बॅशमध्ये जेसन ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) फोडायला लागलात की समजा भाषा बदलायची वेळ झाली.

बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' लिहायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये तो घातक ठरतो. कर्ल (वेब पत्ता उघडून बघणारी कमांड) फसलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि 'साइट बंद आहे' हा मेसेज पाठवणारी पुढची ओळ चालतच नाही. इथे फसलेली कमांड हीच तर बातमी आहे. म्हणून 'सेट -यू' (न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं तर चूक) आणि 'पाइपफेल' (साखळीतली एकही कमांड फसली तर चूक) ठेवा, 'ई' वगळा, आणि प्रत्येक तपासणी 'इफ'मध्ये घाला. लिहून झाल्यावर शेलचेकमधून एकदा काढा. अवतरणचिन्हं न लावलेले व्हेरिएबल ते लगेच दाखवतं.

पायथनमध्ये रिक्वेस्ट्स वापरत असाल तर प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या. तो आपोआप नसतो. समोरचा सर्व्हर जोडणी घेऊन गप्प बसला तर स्क्रिप्ट कितीही वेळ तशीच लटकून राहते.

## नेमकं काय तपासायचं?

डिस्क, आयनोड (फाइलींच्या नोंदी), मेमरी, साइटचं उत्तर, साइटच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्राची मुदत आणि शेवटच्या बॅकअपचं वय. सुरुवातीला एवढंच. सीपीयू किती टक्के हा आकडा दिसायला छान असतो, पण तो ९५ झाला म्हणून रात्री उठून करण्यासारखं सहसा काही नसतं.

डिस्कसाठी डीएफला (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) 'आउटपुट' पर्यायातून फक्त टक्केवारीचा रकाना मागा. सगळं आउटपुट घेऊन ऑकने पाचवा रकाना काढण्यापेक्षा हे भरवशाचं. आयनोड डीएफच्या 'आय' पर्यायाने दिसतात आणि ते न तपासणं महागात पडतं. सेशनच्या लाखो बारक्या फाइली साचल्या की डिस्क ४० टक्केच भरलेली दिसते, तरी नवी फाइल बनवताना 'जागा शिल्लक नाही' अशी एरर येते. जागा आहे, पण फाइलींची नोंद ठेवायची वही भरली आहे.

मेमरीसाठी फ्री कमांडमधला 'फ्री' रकाना बघू नका. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतं, त्यामुळे तो आकडा तब्येत उत्तम असतानाही लहानच दिसतो. 'अव्हेलेबल' रकाना बघा. तो एकूण मेमरीच्या १० टक्क्यांखाली सलग राहिला तर अलर्ट योग्य.

लोड अॅव्हरेज (सरासरी किती प्रोसेस चालतायत किंवा वाट बघतायत) बघायचाच असेल तर एनप्रॉकने दिलेल्या कोअरच्या संख्येशी ताडून बघा. ४ कोअरच्या मशीनवर लोड ४ म्हणजे काही आपत्ती नव्हे. आणि लिनक्समध्ये या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. म्हणून सीपीयू रिकामा आणि लोड ३० असं चित्र दिसलं तर डिस्ककडे किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजकडे बघा.

## डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयूची बेरीज मात्र निम्मीच येते. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. डीयू नाव असलेल्या फाइलींची बेरीज करतं, डीएफ एकूण वापरलेली जागा सांगतं. एखादी मोठी लॉग फाइल आरएमने उडवली, पण ती लिहिणारी प्रोसेस अजून ती उघडी धरून आहे. फाइलचं नाव गेलं, जागा गेली नाही. एलएसओएफला '+एल१' पर्याय दिला की अशा फाइली आणि त्यांना धरून बसलेल्या प्रोसेस दिसतात. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते. यापुढे चालू लॉग उडवू नका, ट्रंकेटने शून्यावर आणा किंवा लॉगरोटेटवर सोपवा. जर्नल (सिस्टिमचा स्वतःचा लॉग) फुगलं असेल तर जर्नलसीटीएलला 'व्हॅक्यूम-साइझ' देऊन आवरता येतं.

थोडा फरक दुसऱ्या कारणानेही दिसतो. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते.

## साइट चालू आहे हे कसं ओळखायचं?

पिंगने नाही. पिंगला उत्तर मशीन देतं, वेबसाइट नव्हे. कर्ल वापरा, 'मॅक्स-टाइम' १० सेकंद ठेवा, 'फेल' पर्याय द्या, आणि कर्लचा एक्झिट कोड मेसेजमध्ये घाला. त्या एका आकड्यावरून निम्मं निदान होतं: ६ म्हणजे डीएनएसमध्ये नाव सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणीच झाली नाही, २२ म्हणजे ४०० किंवा त्यावरचा एचटीटीपी कोड आला, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे प्रमाणपत्र पटलं नाही.

कोड २०० आला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. डेटाबेस पडल्यावर चूक दाखवणारं पान २०० कोडसह देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. पानाच्या तळाशी नेहमी असणारा एखादा शब्द ग्रेपने शोधा. तो तळाचाच निवडा, म्हणजे पान अर्धवट आलं तरी कळेल.

शब्द मराठी असेल तर एक खाच लक्षात ठेवा. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखे, ग्रेपला वेगळे. पायथनमध्ये तुलना करण्याआधी दोन्ही बाजू युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझने एनएफसी रूपात आणा.

## प्रमाणपत्र आपोआप नवं होतं, मग ते कशाला तपासायचं?

कारण ते 'आपोआप' चालणं थांबतं तेव्हा कोणी सांगत नाही. लेट्स एन्क्रिप्टची (मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था) प्रमाणपत्रं नेहमीच्या प्रकारात ९० दिवसांची असतात आणि सर्टबॉट (ती आणणारं साधन) साधारण ३० दिवस उरले की नवं घेतं. म्हणजे २० दिवसांपेक्षा कमी मुदत दिसली तर नूतनीकरण बरेच दिवस फसतंय. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५मध्ये बंद केलं, त्यामुळे ही तपासणी आता आपलीच जबाबदारी.

ओपनएसएसएलच्या 'एस_क्लायंट'ने साइटशी जोडा, आउटपुट 'एक्स५०९'कडे द्या आणि 'चेकएंड'ला १७२८००० सेकंद, म्हणजे २० दिवस सांगा. डिस्कवरची फाइल तपासू नका, नेटवर्कवरूनच तपासा. सर्टबॉटने फाइल नवी केली, पण एनजिनएक्स (साइट देणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) रीलोड झालंच नाही, हा नेहमीचा घोळ आहे. फाइल बघाल तर सगळं उत्तम दिसतं आणि वाचकांना मात्र लाल पान.

सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांनी आताच सवय बदललेली बरी.

## टेलिग्रामवर अलर्ट कसा पाठवायचा?

टेलिग्राममध्ये बॉटफादर (बॉट बनवून देणारा अधिकृत बॉट) शोधा, 'न्यूबॉट' कमांड द्या, नाव ठेवा. टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, मिळेल. मग स्वतःच्या फोनवरून त्या बॉटला 'स्टार्ट' पाठवा. हे विसरलात तर काहीच पोचणार नाही, कारण बॉट स्वतःहून कोणाशी संभाषण सुरू करू शकत नाही. आता 'गेटअपडेट्स' हा पत्ता टोकनसह उघडा. आलेल्या जेसनमध्ये चॅट आयडी दिसेल. जेसन रिकामं आलं तर बॉटला पुन्हा एक मेसेज टाका, अपडेट २४ तासांपेक्षा जास्त ठेवले जात नाहीत. त्यानंतर कर्लने 'सेंडमेसेज'ला चॅट आयडी आणि मजकूर पाठवला की काम झालं. मजकूर 'डेटा-यूआरएलएनकोड' पर्यायातून द्या, नाहीतर अँड चिन्हापाशी मेसेज तुटतो.

दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. एक, मार्कडाउन. फाइलच्या नावात अंडरस्कोर आला की टेलिग्राम तो तिरप्या अक्षरांची सुरुवात समजतं, जोडी सापडत नाही म्हणून ४०० कोड देऊन अख्खा मेसेज नाकारतं. अलर्ट नेहमी साध्या मजकुरात पाठवा. दोन, ग्रुप. साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा आयडी बदलतो आणि तिथपासून अलर्ट बंद पडतात. एररच्या उत्तरातच नवा आयडी दिलेला असतो, पण तो वाचणारं कोणी हवं. म्हणून कर्लचं उत्तर कुठेतरी लॉगमध्ये लिहा.

एका मेसेजची मर्यादा ४०९६ अक्षरं. अख्खा लॉग कोंबू नका, शेवटच्या १५ ओळी पुरतात.

## दर पाच मिनिटांनी तोच अलर्ट येतो. आता ग्रुप म्यूट केलाय.

म्यूट केलेला अलर्ट म्हणजे नसलेला अलर्ट. दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये करा.

मागची स्थिती एका फाइलमध्ये लिहा: 'ठीक' किंवा 'बिघाड'. स्थिती बदलली तरच मेसेज पाठवा, बिघडल्यावर एक आणि सुधारल्यावर एक. साइटच्या तपासणीत सलग ३ वेळा फसल्याशिवाय 'बिघाड' म्हणू नका. नेटवर्कचा एखादा हिसका रोजचाच असतो. डिस्कसाठी दोन मर्यादा ठेवा: ९० टक्क्यांना बिघाड, पण 'ठीक' म्हणायचं ते ८५च्या खाली आल्यावरच. एकच मर्यादा असेल तर ८९ आणि ९०च्या मध्ये आकडा झुलत राहतो आणि रात्रभर 'बिघडलं, सुधारलं, बिघडलं' चालतं. बिघाड तसाच राहिला तर दर ६ तासांनी एक आठवण पुरे.

मेसेजमध्ये सर्व्हरचं नाव, काय बिघडलं, आकडा, मर्यादा आणि कधीपासून, एवढं हवंच. 'वेब१: मुख्य डिस्क ९३ टक्के, मर्यादा ९०, रात्री २:१० पासून' हे वाचून लॅपटॉप उघडायचा की सकाळपर्यंत थांबायचं ते अंथरुणातूनच ठरवता येतं.

## टर्मिनलवर चालते, क्रॉनमध्ये चालत नाही. का?

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय. तिथे न चालण्याचं कारण बहुतेक वेळा पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी, असतं. क्रॉनला तुमचा लॉगिन शेल मिळत नाही, त्याच्या पाथमध्ये दोनच डिरेक्टरी असतात. स्क्रिप्टच्या वर पाथ स्वतः लिहा आणि फाइलींचे पत्ते मुळापासून पूर्ण द्या. मग हे बघा:

क्रॉनटॅबच्या (क्रॉनचं वेळापत्रक) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. डेट कमांड थेट तिथे लिहिली की ओळ मध्येच तुटते. त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या किंवा डेट स्क्रिप्टच्या आत न्या.

भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात. भारतातल्या सकाळी ९ वाजता चालवायचं तर क्रॉनमध्ये ३:३० लिहायचे. मिनिटाच्या जागी ३० आणि तासाच्या जागी ३, उलटं नव्हे. लंडन किंवा न्यू जर्सीत बसून सर्व्हर सांभाळणाऱ्यांना घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं हेही धरावं लागतं.

महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही भरले तर क्रॉन 'आणि' नाही, 'किंवा' धरतो. '१ तारखेला सोमवार असेल तर' असं लिहिलंत, तर ते दर १ तारखेला आणि शिवाय दर सोमवारी चालेल.

विंडोजवर लिहून आणलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी जादा अदृश्य चिन्ह असतं. 'बॅड इंटरप्रिटर' दिसलं की डॉसटूयुनिक्स चालवा.

आणि मागची फेरी संपायच्या आत पुढची सुरू होऊ नये म्हणून ओळीच्या सुरुवातीला 'फ्लॉक -एन' लावा. अडकलेल्या ४० कॉप्या मेमरी खातायत असं दृश्य त्याशिवाय कधी ना कधी दिसतंच.

## स्क्रिप्टच मेली तर कोण सांगणार?

सर्व्हर पडला की त्यावरचा पहारेकरीही त्याच्याबरोबर पडतो. म्हणून उलटी तपासणी लागते: स्क्रिप्ट प्रत्येक फेरीच्या शेवटी बाहेरच्या एका पत्त्याला कर्ल करते, आणि ठरलेल्या वेळेत तो कॉल आला नाही तर ती बाहेरची सेवा आपल्याला मेल पाठवते. हेल्थचेक्स डॉट आयओ हेच काम करतं. त्याचा कोड खुला आहे, स्वतः बसवायचा तर दुसऱ्या सर्व्हरवर बसवा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीच्या. ५ मिनिटांच्या फेरीसाठी १५ मिनिटांची सवलत ठेवा.

हा कॉल स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत असू द्या. सुरुवातीला घातलात तर स्क्रिप्ट मधेच कोसळली तरी बाहेर 'सगळं ठीक' पोचत राहील.

## नव्या लेखाची पोस्ट आपोआप कशी टाकायची?

साइटची आरएसएस फीड (नव्या लेखांची यादी) पायथनच्या फीडपार्सरने वाचा. प्रत्येक नोंदीचा जीयूआयडी (तिची कायमची ओळख) एसक्यूलाइटच्या (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) एका टेबलात ठेवा आणि जो टेबलात नाही त्याचीच पोस्ट टाका. लिंकवरून ओळखू नका. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली की सगळे जुने लेख 'नवे' होतात.

पहिल्यांदा चालवताना टेबल रिकामं असतं, म्हणजे फीडमधले सगळे लेख एका दमात पोस्ट होतात आणि लोक अनफॉलो करतात. पहिली फेरी नुसत्या नोंदी करणारी ठेवा, पोस्ट शून्य. शिवाय एका फेरीत २ पेक्षा जास्त पोस्ट टाकायच्या नाहीत असा कायमचा अडसर घाला.

मॅस्टोडॉनवर सेटिंगमधल्या 'डेव्हलपमेंट' भागात अॅप बनवून टोकन घ्या. परवानगी फक्त पोस्ट लिहिण्याची द्या. मर्यादा साधारणपणे ५०० अक्षरं, आणि लिंक केवढीही असली तरी २३ अक्षरं धरली जाते. विनंतीसोबत 'आयडेम्पोटन्सी-की' हेडरमध्ये जीयूआयडी पाठवा. पोस्ट झाली पण उत्तर येईपर्यंत जोडणी तुटली, तर पुन्हा पाठवल्यावर दुसरी पोस्ट पडत नाही. ही किल्ली तासभर लक्षात राहते, तेव्हा पुन्हा प्रयत्न त्याच तासात करा. खात्याच्या प्रोफाइलवर 'बॉट' ही खूण लावायला विसरू नका.

ब्लूस्कायसाठी मुख्य पासवर्ड वापरू नका, सेटिंगमधून अॅप पासवर्ड बनवा. तिथे दिवसाला ३०० लॉगिनची मर्यादा आहे. दर ५ मिनिटांनी चालणारी स्क्रिप्ट प्रत्येक फेरीत लॉगिन करत असेल तर दिवसाचे २८८ होतात, आणि तुम्ही दुपारी चाचणीसाठी पंधरा-वीस वेळा चालवलंत की रात्री पोस्ट बंद. पोस्ट टाकायची असेल तेव्हाच लॉगिन करा.

## मराठी पोस्ट मधेच तुटते, लिंक भलत्याच शब्दावर लागते. काय चुकतं?

बाइट, कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) आणि डोळ्याला दिसणारं अक्षर या तीन वेगवेगळ्या मोजण्या आहेत. इंग्रजीत तिन्ही बहुधा सारख्याच येतात, म्हणून इंग्रजी उदाहरणांवरून उचललेला कोड मराठीत फसतो.

'श्री' घ्या. श, हलन्त, र, ईकार असे ४ कोडपॉइंट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा, म्हणजे १२ बाइट. डोळ्याला १ अक्षर. पायथनचं लेन ४ सांगतं. क्रॉनमध्ये लँग (भाषेचं सेटिंग) ठरवलेलं नसेल तर बॅशची लांबी १२ येते. अक्षरं मोजणारी जुनी लायब्ररी २ सांगते, कारण देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम युनिकोड १५.१मध्ये, म्हणजे २०२३ साली आला.

ब्लूस्कायची मर्यादा ३०० दृश्य अक्षरांची आहे. लायब्ररीगणिक मोजणी वेगळी येते, म्हणून २८०वर थांबा आणि शेवटच्या मोकळ्या जागेपाशी कापा. मधे कापलंत तर 'प्रश्न'चं 'प्रश्' उरतं. कट कमांडने तर कापूच नका. ती बहुतेक सर्व्हरांवर बाइट कापते आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं.

लिंकचं असं: ब्लूस्काय मजकुरातली लिंक स्वतः ओळखत नाही, ती कुठून कुठपर्यंत आहे हे फॅसेटमध्ये (पोस्टसोबत जाणारी लिंकची माहिती) सांगावं लागतं, आणि तेही बाइटमध्ये. 'नवी नोंद' मग एक जागा सोडून पुढे पत्ता, असा मजकूर असेल तर पायथनचं फाइंड लिंकची जागा ९ सांगतं. बाइटमध्ये ती २३ आहे: ७ देवनागरी कोडपॉइंटचे २१ आणि २ मोकळ्या जागा. ९ दिलात तर निळा रंग 'नोंद' शब्दाआधीच सुरू होतो आणि पत्त्याच्या मधे संपतो. उपाय एका ओळीचा आहे: लिंकच्या आधीचा मजकूर यूटीएफ-८मध्ये एन्कोड करा आणि त्याची लांबी मोजा.

## व्हॉट्सअॅपवर अलर्ट पाठवता येईल का?

अधिकृत मार्ग म्हणजे बिझनेस प्लॅटफॉर्म. तिथे समोरच्याच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच पाठवता येतो. छोट्या सर्व्हरसाठी हा खटाटोप परवडत नाही. वेब आवृत्तीवर चालणाऱ्या अनधिकृत लायब्ररी टाळा. नंबर बंद झाला तर तो तुमचा रोजचा नंबर असतो.

## ४२९ कोड येतो तेव्हा काय करायचं?

४२९ म्हणजे 'फार वेळा विनंती करताय'. थांबायचं. टेलिग्राम किती सेकंद थांबायचं ते उत्तरातच सांगतं, तेवढं थांबा. एका ग्रुपमध्ये मिनिटाला २० मेसेजच्या वर बॉट पाठवू शकत नाही. जिथे आकडा दिलेला नसेल तिथे २, ४, ८ सेकंद असा दुपटीने वेळ वाढवा आणि पाच प्रयत्नांनंतर सोडून द्या. एकामागून एक अलर्ट जमले असतील तर ते एका मेसेजमध्ये गुंडाळा.

## टोकन कुठे ठेवायचं?

वेगळ्या फाइलमध्ये, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), मालक तोच यूजर ज्याच्या नावाने क्रॉन चालतो. गिटमध्ये नाही. चुकून गेलंच तर पुढच्या कमिटमध्ये फाइल काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ते तसंच असतं. टोकन रद्द करून नवं घ्या, बॉटफादरमध्ये त्यासाठी 'रिव्होक' आहे. कर्लच्या कमांडमध्ये थेट टाइप केलेलं टोकन त्याच मशीनवरच्या इतर यूजरना पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) दिसू शकतं, म्हणून कर्लला ते कॉन्फिग फाइलमधून द्या.

## सगळं नीट चालतंय याची खात्री कशी करायची?

मुद्दाम बिघडवून. एफअॅलोकेटने मोठी फाइल बनवून डिस्क ९१ टक्क्यांवर न्या, अलर्ट येऊ द्या, मग फाइल काढून 'सुधारलं'चा मेसेज येतो का बघा. शांत वेळी एनजिनएक्स थांबवा, तिसऱ्या फेरीनंतर मेसेज यायला हवा, पहिल्या नाही. टोकनमधलं एक अक्षर बदला आणि न पाठवता आल्याची नोंद लॉगमध्ये पडते का पाहा. शेवटी क्रॉनटॅबमधली ओळ बंद करा, घड्याळ लावा, आणि बाहेरच्या सेवेचा मेल किती मिनिटांनी येतो ते मोजा. २० मिनिटं उलटूनही आला नाही, तर आधी मेलचं स्पॅम फोल्डर बघा.